नाम आणि क्रियापद : वंशविच्छेदासंबंधी परराष्ट्रनीतीच्या भाषेची चिकित्सा

१

सॅमन्था पॉवर यांचा 'अ प्रॉब्लेम फ्रॉम हेल' हा ग्रंथ २००२ साली प्रसिद्ध झाला आणि पुढील वर्षी त्यास पुलित्झर पारितोषिक मिळाले. विसाव्या शतकात आर्मेनियन, यहुदी, कंबोडियातील प्रजा, इराकमधील कुर्द, बोस्नियातील मुसलमान आणि रुआंडातील तुत्सी यांचा संहार होत असता अमेरिकेच्या परराष्ट्रनीतीने काय केले, याचा तो विस्तृत इतिहास आहे. परराष्ट्रमंत्री वॉरन ख्रिस्तोफर यांनी बोस्नियाच्या प्रश्नास उद्देशून काढलेल्या उद्गारावरून त्याचे शीर्षक घेतले आहे. ग्रंथाचा मुख्य निष्कर्ष असा की, या प्रत्येक प्रसंगी वॉशिंग्टनला पुरेशी माहिती होती आणि काही ना काही करण्याची साधनेही हाताशी होती. उणीव होती ती इच्छेची. काही न केल्याबद्दल सत्ताधाऱ्यांना स्वदेशात कोणतीही किंमत मोजावी लागत नव्हती, म्हणून ते स्वस्थ राहिले.

हा निष्कर्ष पुराव्यांनी भरभक्कम केलेला आहे आणि बहुतांशी मान्य होण्यासारखा आहे. तथापि त्याच्या पोटात भाषेविषयीचे एक गृहीत दडलेले आहे. कृत्याला त्याचे खरे नाव दिले गेले की कर्तव्य टाळणे अवघड होते, आणि म्हणूनच राज्यकर्ते ते नाव उच्चारावयाचे टाळतात, असे हे गृहीत होय. 'वंशविच्छेद' या शब्दाचा जन्म, त्यासाठी झालेली धडपड आणि त्याचा उच्चार टाळण्याचे अधिकाऱ्यांचे प्रयत्न हा ग्रंथाचा एक प्रमुख धागा झाला, तो याच गृहीतामुळे. या गृहीताची परीक्षा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

पोलंडमधील यहुदी कायदेपंडित राफाएल लेमकिन यांनी १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात 'जेनोसाइड' हा शब्द प्रथम योजला. वंश किंवा कुल या अर्थाचे ग्रीक पद आणि वध या अर्थाचे लॅटिन पद यांचा तो संकर आहे. मराठीत त्यासाठी नरसंहार, वंशसंहार आणि वंशविच्छेद असे तीन शब्द रूढ आहेत. त्यांपैकी 'नरसंहार' या शब्दाने केवळ मृतांची संख्या सूचित होते. समूहाला समूह म्हणून नष्ट करण्याचा हेतू त्यातून व्यक्त होत नाही. 'वंशसंहार' या शब्दात समूह येतो, पण कृती हत्येपुरतीच राहते. 'विच्छेद' या पदाने परंपरा तोडण्याचा अर्थ येतो आणि समूहात जन्म होऊ न देणे किंवा त्याची मुले बळाने दुसऱ्या समूहाकडे नेणे, या करारातील इतर कृत्यांनाही तो लागू पडतो. म्हणून येथे 'वंशविच्छेद' हाच शब्द स्वीकारला आहे.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने ९ डिसेंबर १९४८ रोजी वंशविच्छेदाचा प्रतिबंध व शिक्षा यांविषयीचा करार संमत केला आणि १२ जानेवारी १९५१ पासून तो अंमलात आला. पाकिस्तानने १९५७ साली व भारताने १९५९ साली त्यास मान्यता दिली. अमेरिकेची मान्यता मात्र १९८८ साली आली, आणि तीही अटींसह. मधल्या काळात सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी १९६७ पासून सिनेटमध्ये या कराराच्या बाजूने ३,२११ भाषणे केली. लेमकिन आणि प्रॉक्समायर यांच्या चिकाटीची हकीगत ही पॉवर यांच्या ग्रंथातील सर्वांत हृद्य पाने होत.

परंतु करारपत्राची वाक्यरचना पाहिली म्हणजे एक विषमता लक्षात येते. दुसऱ्या कलमात 'वंशविच्छेद' या नामाची व्याख्या काटेकोरपणे केली आहे. राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय व धार्मिक असे समूहांचे चार प्रकार, कृत्यांचे पाच प्रकार, आणि समूहाचा संपूर्ण वा अंशतः नाश करण्याचा हेतू, असे सर्व काही तेथे आहे. उलट पहिल्या कलमात राष्ट्रे ज्या क्रियेची हमी देतात ती 'प्रतिबंध करणे' ही क्रिया व्याख्येवाचून राहिली आहे. आपल्या व्याकरणपरंपरेच्या परिभाषेत बोलायचे तर या क्रियेची कारके रिकामी आहेत. इतक्या राष्ट्रांपैकी प्रत्यक्षात कर्ता कोण, करण म्हणजे साधन कोणते, आणि कालाचे अधिकरण कोणते, या तिन्ही प्रश्नांना तेथे उत्तर नाही. आठव्या कलमान्वये कोणतेही सदस्यराष्ट्र संयुक्त राष्ट्रसंघाच्या योग्य त्या अंगांना आवाहन करू शकते, एवढीच वाट दाखविली आहे. नाम संपन्न आणि क्रियापद दरिद्री, अशी ही रचना आहे. पुढील अर्धशतकातील अपयशाचे एक मूळ येथे आहे आणि पॉवर यांच्या विवेचनात त्यास मिळावे तेवढे महत्त्व मिळालेले नाही.

३

रुआंडाचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. ६ एप्रिल १९९४ रोजी राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांचे विमान किगालीनजीक पाडण्यात आले आणि त्या रात्रीपासून तुत्सींच्या व विरोधी हुतू पुढाऱ्यांच्या हत्या सुरू झाल्या. सुमारे शंभर दिवसांत मारल्या गेलेल्यांची संख्या सामान्यतः ८ लाखांच्या आसपास मानली जाते. ही गोष्ट अकस्मात घडली असे म्हणता येत नाही. शांतिसेनेचे प्रमुख रोमिओ दालेर यांनी ११ जानेवारी १९९४ रोजीच न्यूयॉर्कला तार पाठवून शस्त्रांचे गुप्त साठे व तुत्सींच्या नोंदणीचा चाललेला उद्योग यांची वार्ता कळविली होती. साठ्यांवर धाड घालण्यास त्यांना परवानगी मिळाली नाही. ७ एप्रिलला बेल्जियमचे दहा सैनिक मारले गेले आणि बेल्जियमने आपले पथक परत नेण्याचे ठरविले. ११ एप्रिलला किगालीतील एका तांत्रिक विद्यालयातून हे सैनिक निघून गेले, तेव्हा त्यांच्या आश्रयास आलेली सुमारे २,००० माणसे मागे राहिली आणि त्यांपैकी बहुतेक लवकरच मारली गेली. २१ एप्रिलला सुरक्षा समितीने ठराव करून शांतिसेनेचे संख्याबळ २७० पर्यंत खाली आणले. त्या वर्षी सुरक्षा समितीच्या अस्थायी सदस्यांत खुद्द रुआंडाचाही समावेश होता.

या दिवसांतील राजनैतिक भाषा पाहण्यासारखी आहे. 'हिंसाचार उसळला', 'यादवी युद्ध', 'अराजक', 'उभय पक्षांनी युद्धबंदी करावी' ही तिची नेहमीची पदावली होती. 'यादवी' म्हटले की दोन लढणारे पक्ष गृहीत धरले जातात. 'युद्धबंदी' म्हटले की दोन्हीकडून शस्त्र चालत असल्याचे गृहीत धरले जाते. सरकारी सेना व रुआंडन देशभक्त आघाडी यांच्यात लढाई चालू होती हे खरे. परंतु चर्चमध्ये व शाळेत कोंडून मारल्या जाणाऱ्यांना कोणतीच बंदी पाळावयाची नव्हती. मराठीत 'मरणे' हे अकर्मक आणि 'मारणे' हे सकर्मक अशी जोडी आहे, आणि एका काना-मात्रेच्या फरकाने कर्ता प्रकट होतो किंवा नाहीसा होतो. त्या एप्रिलमधील राजनैतिक पत्रव्यवहार बव्हंशी 'मरणे' या धातूत लिहिला गेला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मारणाऱ्यांच्या भाषेत मात्र कर्त्याची वा क्रियेची कसलीच उणीव नव्हती. 'आरटीएलएम' या नभोवाणी केंद्रावरून तुत्सींना झुरळ या अर्थाच्या शब्दाने संबोधले जात होते, हत्येला 'काम' म्हटले जात होते, आणि ते काम पुरे करा अशी आज्ञा दिली जात होती. एकीकडे आज्ञार्थ आणि दुसरीकडे कर्तृहीन भावे प्रयोग, असा हा सामना होता.

'वंशविच्छेद' या शब्दाच्या बाबतीत अमेरिकी परराष्ट्र खात्याने केलेली कसरत प्रसिद्ध आहे. १० जून १९९४ च्या वार्ताहर बैठकीत खात्याच्या प्रवक्त्या क्रिस्टीन शेली यांनी 'वंशविच्छेदाची कृत्ये' घडली आहेत असे सांगितले, पण 'वंशविच्छेद' घडला असे म्हणण्याचे टाळले. अशी किती कृत्ये मिळून एक वंशविच्छेद होतो, असे एका वार्ताहराने विचारले असता त्याचे उत्तर देण्याच्या स्थितीत आपण नाही, असे त्यांना म्हणावे लागले. भाषाशास्त्रीय दृष्ट्या ही युक्ती अशी की, संपूर्ण घटनेचे वाचक असलेले एकवचनी नाम फोडून त्याची गणनीय शकले करावयाची. ज्या हेतूमुळे ती कृत्ये एक ठरतात तो हेतू या अनेकवचनात विरून जातो.

पॉवर यांनी या कसरतीचे कारण म्हणून एका कागदपत्राचा उपयोग केला आहे. संरक्षण खात्यातील १ मे १९९४ च्या एका टिपणात, वंशविच्छेदाची चौकशी व्हावी अशी भाषा वापरताना सावध राहावे, कारण तसा निष्कर्ष निघाल्यास सरकारवर खरोखरच काही करण्याचे बंधन येईल अशी परराष्ट्र खात्यातील कायदेतज्ज्ञांना चिंता आहे, अशा आशयाचा इशारा होता. हा पुरावा मोठा बोलका आहे. परंतु पुढे तीनच आठवड्यांनी, २१ मेच्या सुमारास, परराष्ट्र खात्यात तयार झालेल्या टिपणाचा अभिप्राय निराळा होता. वंशविच्छेदाची कृत्ये घडली आहेत असे म्हटल्याने कोणताही विशेष कायदेशीर परिणाम होत नाही, असा त्याचा आशय होता. म्हणजे शब्दाची भीती वाटत होती तीही निराधार ठरली. करारातील क्रियापदाची कारके रिकामी असल्याचे कायदेतज्ज्ञांनी नेमके ओळखले होते, आणि त्यानंतरच 'कृत्ये' म्हणावयाची मुभा प्रवक्त्यांना मिळाली.

दरम्यान १७ मेला सुरक्षा समितीने शांतिसेना ५,५०० पर्यंत वाढविण्याचा ठराव केला होता. पण सैनिक वेळेवर मिळाले नाहीत. अमेरिकेने देऊ केलेल्या ५० चिलखती वाहनांचे भाडे व वाहतूक यांच्या वाटाघाटीत आठवडे निघून गेले. येथे अडले ते साधनापाशी, म्हणजे करणापाशी. ठरावात कोणता शब्द होता यावर ते अवलंबून नव्हते. ऑक्टोबर १९९३ मध्ये मोगादिशू येथे १८ अमेरिकी सैनिक मारले गेल्यापासून वॉशिंग्टनला आफ्रिकेतील कोणत्याही मोहिमेचे नाव नको झाले होते, आणि ३ मे १९९४ रोजी शांतिसेनेच्या मोहिमांना कडक अटी घालणाऱ्या अध्यक्षीय निर्देशावर स्वाक्षरी झाली होती.

राष्ट्राध्यक्ष क्लिंटन २५ मार्च १९९८ रोजी किगालीस गेले, तेव्हा त्यांनी दिलेल्या कबुलीत या गुन्ह्यांना त्यांचे यथार्थ नाव तत्काळ दिले गेले नाही, ही गोष्ट होती. कबुली महत्त्वाची खरी. पण तीत अपयशाचे एक स्थान नामकरणात दाखविले गेले, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. पॉवर यांच्या ग्रंथाचे गृहीत आणि क्लिंटन यांची कबुली ही या ठिकाणी एकमेकांस येऊन मिळतात.

४

शब्द उच्चारला असता तर काय झाले असते, या प्रश्नाचे उत्तर ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर दोनच वर्षांत मिळाले. सुदानमधील दार्फुर प्रांतात चाललेल्या हत्यांविषयी परराष्ट्र खात्याने चाडमध्ये आश्रय घेतलेल्या १,१३६ निर्वासितांच्या मुलाखती घेतल्या. त्या आधारे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी ९ सप्टेंबर २००४ रोजी सिनेटच्या समितीपुढे हा वंशविच्छेद आहे असे स्पष्ट सांगितले. चालू असलेल्या घटनेस अमेरिकी सरकारने दिलेले हे नाव रुआंडाच्या वेळी टाळलेलेच होते. परंतु त्याच निवेदनात, या निष्कर्षामुळे अमेरिकेस कोणतीही नवी कृती करणे भाग पडत नाही, असेही पॉवेल यांनी सांगून टाकले. दार्फुरसाठी संयुक्त राष्ट्रसंघ व आफ्रिकी संघ यांची संयुक्त शांतिसेना उभारण्याचा ठराव त्यानंतर जवळजवळ तीन वर्षांनी, ३१ जुलै २००७ रोजी झाला. पुढे ७ जानेवारी २०२५ रोजी परराष्ट्रमंत्री अँटनी ब्लिंकन यांनी त्याच देशात 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' या सशस्त्र दलाकडून वंशविच्छेद घडला असल्याचे घोषित केले. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर दीर्घ वेढ्यानंतर दार्फुरमधील एल फाशर हे शहर त्या दलाच्या हाती पडून तेथे मोठ्या प्रमाणावर हत्या झाल्या.

जे. एल. ऑस्टिन यांनी काही उच्चार हे स्वतःच कृती असतात, असा सिद्धांत मांडला; त्यांची व्याख्याने १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. 'शिक्षा देण्यात येत आहे' हे न्यायाधीशाचे वाक्य वर्णनपर नसते, ती कृती असते. पण ते कृती ठरते याचे कारण शब्दात नाही. न्यायपीठ, तुरुंग आणि पहारेकरी यांची व्यवस्था त्या वाक्यामागे उभी असते. तेच वाक्य रस्त्यावरील माणसाने उच्चारले तर तुरुंगाचे दार उघडत नाही. 'हा वंशविच्छेद आहे' या वाक्यामागे अशी व्यवस्था नसेल, तर ते बोलले जाणे आणि न बोलले जाणे यांत संहार होणाऱ्यांच्या दृष्टीने फारसे अंतर उरत नाही. किंबहुना, उच्चार केल्याने कर्तव्य पार पडल्याचा भास निर्माण होतो, हा धोका अधिक.

५

पॉवर यांच्या ग्रंथाची दुसरी मर्यादा कर्त्याच्या स्थानाविषयीची आहे. त्यातील अमेरिका प्रायः दूरवर उभी राहून पाहणारी आहे. १९७१ साली पूर्व पाकिस्तानात जे घडले त्यास ग्रंथात स्वतंत्र प्रकरण नाही. आणि नेमके त्या प्रसंगी अमेरिका केवळ प्रेक्षक नव्हती. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी सैन्याने डाक्क्यात कारवाई सुरू केली. तेथील अमेरिकी महावाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी २८ मार्चच्या तारेस 'निवडक वंशविच्छेद' असेच शीर्षक दिले, आणि ६ एप्रिलला त्यांच्या कचेरीतून वीस अधिकाऱ्यांच्या सह्यांनिशी निषेधाची तार गेली. येथे शब्द वेळेवर, अधिकृत मार्गाने आणि निःसंदिग्धपणे उच्चारला गेला होता. परंतु निक्सन व किसिंजर यांना चीनशी संधान बांधण्यासाठी याह्याखान यांची मध्यस्थी हवी होती. जुलैमधील किसिंजर यांची गुप्त चीनयात्रा पाकिस्तानमार्गेच झाली. ब्लड यांना डाक्क्यातून हलविण्यात आले, आणि पूर्वीच्या परवान्यांखालील लष्करी साहित्य त्या उन्हाळ्यातही पाकिस्तानकडे जात राहिले. गॅरी बास यांच्या 'द ब्लड टेलिग्राम' या २०१३ सालच्या ग्रंथात हा सर्व इतिहास तपशीलवार आला आहे. याला इच्छेचा अभाव म्हणता येणार नाही. इच्छा होती, पण ती दुसऱ्या दिशेची होती.

भारताच्या संसदेनेही ३१ मार्च १९७१ च्या ठरावात या संहारास वंशविच्छेदाची संज्ञा लावली होती. तरीही भारताची प्रत्यक्ष लष्करी कारवाई डिसेंबरमध्ये झाली. तोपर्यंत सुमारे १ कोटी निर्वासित सीमा ओलांडून आले होते, ऑगस्टमध्ये सोव्हिएट रशियाशी करार झाला होता आणि ३ डिसेंबरला पाकिस्तानने भारतीय विमानतळांवर हल्ला केला होता. त्या वेळी भारताने वंशविच्छेद-कराराचा आधार पुढे केला नाही. स्वसंरक्षण हाच त्याचा मुख्य कायदेशीर पक्ष राहिला. ७ डिसेंबरला आमसभेने १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्धबंदीचा ठराव केला. त्या ठरावाचे व्याकरण तेच होते, जे पुढे रुआंडाच्या वेळी दिसले: दोन पक्ष, एक युद्ध, आणि मारले जाणारे वाक्याबाहेर. कंबोडियातही ख्मेर रूजची सत्ता जानेवारी १९७९ मध्ये मोडली ती व्हिएतनामच्या सैन्याने, स्वतःच्या सीमेच्या व सत्तेच्या कारणासाठी. आणि त्यानंतरही संयुक्त राष्ट्रसंघातील जागा पदच्युत राजवटीकडेच ठेवण्यात आली. ज्यांनी संहार थांबविला त्यांनी कराराचे नाव घेतले नाही, आणि ज्यांनी करार स्वीकारला होता त्यांनी थांबविणाऱ्यांना दोष दिला, असे हे विपरीत चित्र आहे. भारत व व्हिएतनाम यांच्या हेतूंना त्यामुळे निर्मळतेचे प्रशस्तिपत्र मिळत नाही. केवळ नाम आणि क्रिया यांची फारकत त्यावरून सिद्ध होते.

६

मग करार निरर्थक समजावा काय? तसे म्हणता येत नाही. बोस्निया विरुद्ध सर्बिया या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २६ फेब्रुवारी २००७ रोजी दिलेल्या निकालात पहिल्या कलमातील रिकामी कारके भरण्याचा पहिलाच गंभीर प्रयत्न झाला. सुरक्षा समितीने १९९३ साली 'सुरक्षित क्षेत्र' म्हणून जाहीर केलेल्या स्रेब्रेनिका येथे जुलै १९९५ मध्ये सुमारे ८,००० बोस्नियन मुसलमान पुरुष व मुलगे मारले गेले. 'सुरक्षित' हे विशेषण ठरावात होते. त्या क्षेत्राचे रक्षण करण्याएवढे बळ तेथे नव्हते. न्यायालयाने हा वंशविच्छेद स्वतः सर्बियाने केला असे मानले नाही, पण तो रोखण्याचे कर्तव्य सर्बियाने मोडले असे ठरविले. कर्ता कोण, तर गुन्हा करू पाहणाऱ्यांवर ज्याचा प्रभाव चालू शकतो ते राष्ट्र. करण कोणते, तर त्या राष्ट्राच्या हाती वाजवीपणे असलेली सर्व साधने. काल कोणता, तर गंभीर धोका कळला, किंवा सामान्यतः कळावयास हवा होता, तो क्षण. यश आलेच पाहिजे असे नाही. प्रयत्न झाला पाहिजे.

या निकालाचे महत्त्व असे की त्याने क्रियेला नामाच्या दास्यातून सोडविले. वंशविच्छेद सिद्ध होण्यास हेतूचा पुरावा लागतो, आणि हेतूचा पुरावा बहुधा प्रेतांच्या संख्येवरून व नंतर उघड झालेल्या कागदपत्रांवरून मिळतो. रुआंडातील अकायेसू यांना वंशविच्छेदाबद्दल दोषी ठरविणारा, आंतरराष्ट्रीय न्यायासनाचा अशा प्रकारचा पहिला निकाल २ सप्टेंबर १९९८ रोजी लागला, म्हणजे घटनेनंतर चार वर्षांनी. शिक्षेसाठी हा विलंब क्षम्य आहे. किंबहुना न्यायासाठी तो आवश्यक आहे. प्रतिबंधासाठी मात्र नामाची वाट पाहणे म्हणजे क्रियापद भूतकाळात जाण्याची वाट पाहणे होय.

पॉवर यांच्या ग्रंथाने मौनाचा इतिहास उजेडात आणला, हे त्याचे थोर कार्य आहे. पुढे २०१३ ते २०१७ या काळात संयुक्त राष्ट्रसंघात अमेरिकेच्या राजदूत म्हणून त्यांना सीरियाच्या प्रश्नास तोंड द्यावे लागले, आणि पुरेसे शब्द असूनही ठराव कसे अडतात हे त्यांनी जवळून पाहिले. परंतु ग्रंथातून विद्यार्थ्याच्या मनावर ठसते ती शब्द उच्चारला गेला की नाही ही एकच कसोटी. ती अपुरी आहे. सरकारी निवेदन, ठराव वा तार वाचताना तिच्या जोडीला आणखी तीन प्रश्न विचारावयास हवेत. वाक्यात मारणारा कर्ता दिसतो काय? रोखणारा कर्ता ठरला आहे काय, आणि कोणत्या साधनाने? क्रियापद भविष्यकाळात आहे, की केवळ 'असे झाले असते तर' या संकेतार्थात? या तीन प्रश्नांची उत्तरे नसतील, तर निवेदनात 'वंशविच्छेद' हा शब्द असला काय आणि नसला काय, संहाराच्या वाटेवर उभ्या असलेल्या माणसांना त्याचा उपयोग नाही.